मोकळा बाक, काळा मेंढा

कायद्याचे हे जुने शब्द कुणी शोधून काढले मला माहीत नाही, पण तो बाबा कधी भेटलाच तर सफरचंदं झोडायच्या काठीनं मी त्याला झोडपून काढणार आहे. थर्झा मीच म्हणतात मला, मीच हे आडनाव. गावात कुणालाही विचारा, मी बोलते तसं करते.

अमोस, माझा नवरा, गेला त्याच आठवड्यात जहागिरीचा माणूस दारात हजर. मला वाटलं, दोन शब्द सांत्वनाचे बोलायला आला असेल. तर हा बाबा सरळ मागे डुकरांच्या कोंडवाड्याकडे.

"हेरियट," तो म्हणाला.

"ते काय असतं?"

"कूळ मेलं की त्याच्या घरचं सगळ्यात चांगलं जनावर जहागीरदाराचं. जुनी वहिवाट आहे."

"अरे वा! माणूस माझा मेला आणि डुक्कर तुम्हाला?"

माझ्या बोलण्यानं काय होतंय? गाभण डुकरीण गेली. अमोस जिवंत असताना त्या डुकरिणीच्या निम्म्यानंही कधी कामाला आला नव्हता, आणि जाताना तिलाही घेऊन गेला.

ही तर नुसती सुरुवात. आमच्याकडे जहागिरीचं कोर्ट वर्षातून एकदा भरतं, सप्टेंबरच्या शेवटी, तेही 'नांगर' नावाच्या गुत्त्याच्या मागच्या लांब खोलीत. जहागीरदाराचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. त्याच्या वतीनं कारभारी म्हणून वॉडलोसाहेब येतात, शहरातले वकील. माणूस वाईट नाही, पण बारा महिने सर्दी. त्यांच्यासमोर गावातली कुळं पंच म्हणून बसतात, आणि प्रत्येक पंचासमोर एकेक मग. त्या वर्षी वॉडलोसाहेबांनी एक काठी पुढे केली, मला तिचं दुसरं टोक धरायला लावलं, लॅटिनमध्ये काहीतरी पुटपुटले, शिंकले आणि म्हणाले, "मीचबाई, तुम्हाला फ्रीबेंच मिळालं. म्हणजे मोकळा बाक."

"कुठाय बाक?"

"बाक वगैरे काही नसतं हो. घर आणि बाग. नवऱ्यामागे विधवेनं मरेपर्यंत वापरायची. एकटी आणि शुद्ध राहील तोवर."

"लग्न केलं तर?"

"त्याच दिवशी बाक गेला. घर पुढच्या वारसाचं. त्याला माफी नाही."

"आणि शुद्ध नाही राहिले तर?"

पंचांनी आपापल्या मगात तोंडं घातली. वॉडलोसाहेबांनी जुन्या वहीचं पान उलटलं. "तरीही बाक गेला. मात्र अशा विधवेनं पुढच्या कोर्टात काळ्या मेंढ्यावर उलटं बसून, त्याचं शेपूट हातात धरून, इथे आत यायचं आणि या इथे लिहिलेल्या ओळी म्हणायच्या. मग कारभाऱ्याला बाक परत द्यावाच लागतो. मरेपर्यंत, बिनशर्त. त्यानंतर तिच्या बिछान्याचं आणि लग्नाचं तिला कुणी काही विचारायचं नाही."

"म्हणजे पाप केलं तर माफी, आणि लग्न केलं तर नाही?"

"लग्न हे पाप नाही, मीचबाई," वॉडलोसाहेब नाक पुसत म्हणाले. "मग माफ काय करणार?"

सगळी खोली हसली. मीही हसले. तेव्हा मला लग्नही करायचं नव्हतं आणि पापही. अमोसबरोबर पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला दोन्हीचा कंटाळा आलेला असतो.

बाग मात्र माझी. कायद्यात नसेल, पण माझीच. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे काटेरी झुडपं आणि अमोसच्या रिकाम्या बाटल्या होत्या. एकेक कलम मी बांधलंय. कुठल्या झाडाला कुठल्या वर्षी कीड लागली, कुठलं झाड एक वर्षाआड रुसतं, मला विचारा. माझ्या सफरचंदांचा सायडर प्यायला लोक तीन गावं ओलांडून येतात. आणि मी गेले, किंवा लग्न केलं, की हे सगळं जायचं कुणाला? तर पर्सीला. अमोसचा पुतण्या. शहरात त्याचं धान्याचं दुकान आहे, केसांना तेल आहे आणि डोक्यात पेट्रोल आहे.

"काकू," तो मला म्हणाला होता, चक्क माझ्याच स्वयंपाकघरात, माझाच केक खात, "तुमची बाग अगदी हमरस्त्याच्या वळणावर आहे बघा. झाडं काढली की इथे पेट्रोलचा पंप काय झकास बसेल!"

"मी बसलेय तोवर नाही बसणार," मी म्हणाले आणि केकची ताटली उचलली.

तर असं सगळं चाललेलं असताना मधेच उगवला ईलाय सॅमवेज.

ईलाय मेंढ्यांच्या कुंपणाच्या ताट्या विणतो. लांबच लांब माणूस, मोठे हात, आणि बोलणं इतकं कमी की समोरच्याला वाटावं आपलंच काही चुकलं. गावातल्या चॅपलची किल्ली त्याच्याकडे असते आणि एक रविवार सोडून प्रवचनही तोच करतो. चॅपलवाले म्हणजे दारू नाही, पत्ते नाहीत, शपथ घेऊन खोटं नाही. 'नांगर'ची पायरी हा माणूस जन्मात चढलेला नव्हता. मी सायडर गाळणारी आणि तो थेंबाला न शिवणारा. आमचं जमायचं काही कारणच नव्हतं. पण माझ्या बागेचं कुंपण पडलं, तो ताट्या घेऊन आला, आणि मग ते कुंपण सारखं पडायलाच लागलं. ते का पडत होतं ते मी सांगणार नाही.

एक दिवस काम संपवून, टोपी हातात धरून तो म्हणाला, "मीचबाई, तुमची हरकत नसेल तर आपण लग्न करावं म्हणतो."

मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी इतका संताप आला की मी हातातली बादली आपटली. "करता येत नाही ना, बाबा!" आणि त्याला बाकाचं, मेंढ्याचं, पर्सीच्या पंपाचं, सगळं रामायण ऐकवलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "मग तुम्ही माझ्याकडे राहायला या. दोन खोल्या आहेत."

"आणि ही झाडं?"

त्यानं झाडांकडे पाहिलं. तो विषय पुन्हा काढला नाही. तेवढं मात्र त्याला कळतं, मान्य केलं पाहिजे.

मीच डोकं चालवलं. "हे बघ ईलाय, सोपं आहे. मी कोर्टात जाऊन सांगते की माझं पाऊल घसरलं. मेंढ्यावर बसते, बाक परत घेते, बिनशर्त. मग महिन्याभरात आपण तुझ्याच चॅपलमध्ये लग्न करू. कुणी काही बोलू शकणार नाही."

"पण तुमचं पाऊल घसरलेलं नाही."

"नाही ना. म्हणून तर म्हणते, सांगायचं नुसतं!"

"ते खोटं होईल."

"बरं मग," मी म्हणाले, माझ्या वयाला शोभेल इतपत लाजत, "घसरू या."

तो कानापर्यंत लाल झाला. "ते पाप होईल."

"खोटं बोलायचं नाही, पाप करायचं नाही, मग करायचं काय?"

"प्रार्थना करतो मी," म्हणाला आणि ताट्या उचलून चालता झाला. दात-ओठ खाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आता देवानं ती प्रार्थना ऐकली की सैतानानं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ईलाय माझ्या बागेत वरच्या फांदीची सफरचंदं काढत होता. मी सांगत होते, ती फांदी पोकळ आहे. ऐकेल तर शपथ. फांदीसकट खाली आला आणि घोटा मोडला. डॉक्टरनं पाय बांधला आणि बजावलं, दोन दिवस जागचं हलवायचं नाही. मग काय करणार? स्वयंपाकघरातल्या बाकड्यावर त्याला झोपवलं, म्हणजे शेवटी माझ्या घरात खरोखरचा बाक कामी आला. दोन्ही रात्री मी वर, जिन्याचं दार लावून. तो खाली, पाय उशीवर, बायबल छातीवर.

नेमका दुसऱ्या दिवशी सकाळी पर्सी रस्त्यावरून गेला. त्यानं खिडकीतून पाहिलं. माझ्या दाराजवळच्या खुंटीवर ईलायची टोपी. ती टोपी अख्खा परगणा ओळखतो, तिच्या काठाला मेंढीनं चावा घेतलेला आहे. आठवडा गेला नाही तोच कोर्टाचा कागद आला. पर्सी मीच या वारसाची तक्रार, की विधवा थर्झा मीच ही शुद्ध राहिलेली नाही, सबब बाक जप्त व्हावा.

कागद वाचून मी खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझी शेजारीण हेस्टर टफिन तेवढ्यात आली, तिला वाटलं मला झटका आला.

"अगं बये, हसतेस काय? घर चाललंय तुझं!"

"हेस्टर, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. हा मूर्ख स्वतःच्या हातानं मला मेंढ्यावर बसवतोय!"

पर्सीचा हिशेब मला दिसत होता. काकू मानी आहे, जीव देईल पण गावासमोर मेंढ्यावर उलटी बसणार नाही, असं धरून तो चालला होता. काकूला ओळखलंच नव्हतं त्यानं. माझ्या झाडांसाठी मी कोंबडीवर बसले असते.

हेस्टरकडे मेंढरं आहेत आणि त्यात एक काळा मेंढा होता. स्वभावानं मेला अगदी अमोस. त्याला माझ्या बागेत आणून आम्ही सराव सुरू केला. तुम्ही कधी मेंढ्यावर उलटं बसलायत? बसू नका. माझी पाठ त्याच्या शिंगांकडे, हातात शेपूट, आणि त्याला जिकडे जायचं तिकडे आपण पाठमोऱ्या. पहिल्या दिवशी त्यानं मला खाजकुयलीच्या झुडपात टाकलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या डोणीत.

"गुडघे दाब गं!" हेस्टर ओरडायची. "आणि ओळी म्हण, ओळी!"

त्या ओळी मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्यांत बाईनं आपल्याच शरीराच्या एका भागाला नाव घेऊन दोष द्यायचा असतो, आणि ज्यानं कुणी त्या रचल्या तो बाईमाणसाच्या पोटी जन्मलेला नसावा. हेस्टर त्या ऐकून गवतात लोळली.

ईलायला मी निरोप दिला नाही, स्वतः गेले. कुबडी भिंतीला टेकवून तो ताट्या विणत बसला होता. मी म्हणाले, "तुला काहीही करायचं नाहीये. खोटं मी बोलणार, पाप माझ्या माथी. तू फक्त त्या दिवशी घरी बस."

तो मान खाली घालून विणत राहिला. तो गप्प बसला म्हणजे त्याला पटलं, असं मी धरून चालले. इथेच सगळा घोटाळा झाला. आणि भीती कसली? कोर्ट भरणार होतं गुत्त्यात, आणि गुत्त्यात पाऊल टाकायचं नाही ही ईलायची लहानपणची शपथ.

कोर्टाच्या दिवशी 'नांगर'मध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. ज्यांचा जहागिरीशी काडीचा संबंध नाही तेसुद्धा आलेले. मेंढा बाहेर हातपंपाला बांधलेला, हेस्टर त्याच्यापाशी. पर्सी पुढच्या बाकावर, नवा कोट घालून. मी माझा सगळ्यात जाड घागरा घातला होता, कारण मेंढ्याचा कणा कुठे टोचतो ते मला आता ठाऊक होतं.

वॉडलोसाहेबांनी तक्रार वाचली. चेहरा असा की त्यांचाच दात उपटायला बसवलंय. "मीचबाई," ते म्हणाले, "हे असलं मला विचारावं लागतंय याचं वाईट वाटतं. तक्रारीत लिहिलंय ते खरं आहे का?"

मी ताठ उभी राहिले. "खरं आहे."

पर्सीचं तोंड उघडं पडलं. त्याला वाटलं होतं मी नाही म्हणेन, रडेन, भांडेन.

"घसरलं पाऊल," मी म्हणाले. "माणूस आहे. वहिवाटीप्रमाणे माझा मेंढा बाहेर तयार आहे. हेस्टर, आण गं त्याला!"

काय तो गलका झाला! पंच उठून उभे राहिले, कुणी टेबलं सरकवली, कुणी दार धरलं. वॉडलोसाहेब वहीत ओळींचं पान शोधायला लागले. पर्सी ओरडत होता, "हे नाटक आहे! हे चालणार नाही!" आणि पंच त्याला सांगत होते, "चालणार कसं नाही? लिहिलंय ना!" दारातून मेंढ्याची शिंगं आत आली. मी घागरा सावरला. अजून दोन पावलं, आणि माझी झाडं माझी झाली असती.

आणि त्या मेंढ्यामागून, कुबडी टेकत, टोपी हातात धरून, ईलाय सॅमवेज आत आला.

ईलाय, 'नांगर'मध्ये! गुत्तेवाल्याच्या हातातून फडकं पडलं.

"हे खरं नाही," ईलाय म्हणाला.

"ईलाय," मी दातांमधून म्हणाले, "घरी जा."

"मीचबाईंनी काहीही केलेलं नाही. माझा घोटा मोडला होता. मी खाली होतो, त्या वर होत्या, मधलं दार बंद होतं. बायबलावर हात ठेवून सांगतो."

"ईलाय सॅमवेज, तोंड बंद कर!"

"त्या मला पापातून वाचवायला खोटं बोलतायत," तो म्हणाला. त्याला वाचवायला म्हणे! "पण मी त्यांच्या नावाला बट्टा लागू देणार नाही. आणा ते बायबल."

वॉडलोसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या माणसाला सगळं समजलं होतं. पण शपथ घ्यायला उभ्या राहिलेल्या साक्षीदाराला कारभारी नको कसं म्हणणार? ईलायनं शपथ घेतली. डॉक्टरचं नाव सांगितलं, उशीचं सांगितलं, जिन्याच्या दाराच्या कडीचंसुद्धा सांगितलं. पंचांनी डोकी एकत्र केली. ईलाय सॅमवेज खोटं बोलला असं म्हणायची गावात कुणाची छाती नाही. निकाल लागला, की विधवा मीच ही निष्कलंक आहे, तक्रार फेटाळण्यात येत आहे, आणि बाक पूर्वीच्याच अटींवर तिच्याकडे चालू राहील. एकटी आणि शुद्ध राहील तोवर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! बायकांनी माझे हात हातात घेतले, म्हणाल्या, थर्झा, तुझी अब्रू राहिली. पर्सी काळंठिक्कर तोंड करून निघून गेला. आणि मी त्या गर्दीच्या मध्ये उभी, हातात मेंढ्याचं शेपूट.

"पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येईल का हो?" मी वॉडलोसाहेबांना हळूच विचारलं.

ते वही बांधत होते. "करता येईल. पण पुढच्या वर्षीचं कोर्ट शेवटचं, मीचबाई. पार्लमेंटनं कायदा केलाय. त्यानंतरच्या एक जानेवारीपासून जहागिरीचं कोर्ट नाही, हेरियट नाही, फ्रीबेंच हा शब्दच नाही."

"मग मी सुटले की!"

"नाही. ज्याच्याकडे त्या दिवशी जे ज्या अटीवर असेल, ते त्याच अटीवर राहील. फक्त माफी देणारं कोर्ट नसेल."

"म्हणजे मेंढा जाणार आणि अट राहणार?"

"अगदी बरोबर," ते म्हणाले आणि शिंकले.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो हाच.

ईलाय बाहेर हातपंपाशी उभा होता. चेहऱ्यावर असं समाधान, जणू मला आगीतून ओढून काढलंय. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडाला जे आलं ते बोलले.

"कुणी सांगितलं होतं तुला? अं? कुणी बोलावलं होतं? दोन पावलं राहिली होती, दोन! त्या मेंढ्यावरून उतरले असते ना, की पुढच्या महिन्यात आपलं लग्न होतं. माझं घर, माझी झाडं, आणि तू. सगळं एका जागी. ते सगळं तुझ्या त्या खऱ्यापायी घालवलंस!"

"लोक तुमच्याविषयी काय बोलले असते, मीचबाई?"

"बोलू दे की! मी काय अब्रू मुरंबा करून बरणीत भरून ठेवू? पन्नाशी उलटली माझी. रोज संध्याकाळी एकटीनं जेवायचं, एका माणसाची एक ताटली धुवायची. लोक येतात का माझ्याबरोबर जेवायला?" आणि मग मेलं रडू आलं. मला रडताना कुणी पाहिलेलं मला अजिबात खपत नाही. "पुन्हा माझ्या फाटकाशी दिसू नकोस. कुंपण पडलं तर पडू दे."

त्यानं टोपी घातली, आणि कुबडी टेकत गेला. आणि खरंच आला नाही. मी म्हटलं म्हणून खरंच न येणारा माणूस हा एकच भेटलाय मला आयुष्यात, आणि त्याचाही मला रागच आला.

हिवाळा गेला. नाताळात हेस्टरनं तो काळा मेंढा जत्रेत विकून टाकला, कारण त्यानं पाद्रीबुवांना मागून ढुशी दिली. झालं. आसपासच्या पाच गावांत दुसरा काळा मेंढा नाही. पर्सी वसंतात दोनदा येऊन रस्त्यावरून बाग मोजून गेला. मी झाडांना खत घातलं, फांद्या छाटल्या, आणि मनाशी म्हटलं, थर्झा, तू मरेपर्यंत ही झाडं आहेत, नंतर पेट्रोल. तेवढ्यावर समाधान मान. मानता येत नव्हतं. रविवारी चॅपलमधून गाणं ऐकू यायचं, त्यात त्याचा जाडाभरडा आवाज वेगळा कळायचा, आणि मी खिडकी धाडकन लावायचे.

जूनमध्ये मी फळं विरळ करत शिडीवर होते. खाली फाटक वाजलं. बघते तर ईलाय. रविवार नसताना रविवारचा कोट, बूट धुळीनं माखलेले, हातात दोर. आणि दोराच्या टोकाला मेंढा. काळाकुट्ट, वासराएवढा.

मी शिडीवरूनच विचारलं, "हा कुणाचा?"

"माझा. सॅलिसबरीच्या बाजारातून आणला. पाठ भक्कम आहे. हेस्टरबाईंनी सांगितलं होतं तशी बघून घेतली."

"कशाला?"

"सप्टेंबरात लागेल."

माझं डोकं पुन्हा फिरलं. खाली उतरले ती तरातरा. "आणि तू पुन्हा येशील, हो ना? त्या भरल्या कोर्टात, बायबल घेऊन, ही बाई किती निष्कलंक आहे ते सांगायला! एकदा हसं झालं तेवढं पुरे नाही झालं का?"

तो दोराला पीळ देत उभा होता. "चॅपलची किल्ली आज परत देऊन आलो," तो म्हणाला. "यापुढे प्रवचन करणार नाही म्हणून सांगितलं."

तीस वर्षं ती किल्ली त्याच्या खिशात होती.

"त्यांनी विचारलं, का," ईलाय म्हणाला. "मग सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"खरं ते."

मेंढ्यानं माझ्या घेवड्याला तोंड लावलं होतं. मला ते दिसत होतं आणि मी त्याला हाकलत नव्हते.

"मला खोटं बोलता येत नाही, थर्झा," तो म्हणाला. मान, कान, सगळं लालबुंद. "खूप प्रयत्न करून पाहिला हिवाळाभर. नाही जमत. तेव्हा सप्टेंबरात तू कोर्टात जे सांगशील, ते आधी खरं असायला हवं."

मला काही सुचेना. मला, थर्झा मीचला! शेवटी म्हणाले, "त्याला आधी अंगणातल्या हातपंपाशी बांध. सगळा घेवडा खाल्ला मेल्यानं."

त्यानं मेंढा बांधला, त्याला पाणी ठेवलं, बूट पुसले आणि उंबऱ्याशी येऊन टोपी हातात फिरवत उभा राहिला. मी आत गेले आणि रस्त्याच्या बाजूची खिडकी सताड उघडली.

"ये," मी म्हणाले. "आणि टोपी त्या खुंटीला लाव. बाहेरून दिसेल अशी."